गॉगल नाकावर टिकतो कसा?

चष्मा इटलीत जन्मला तो तेराव्या शतकाच्या अखेरीस. पण तो डोळ्यांसमोर टिकवायचा कसा, हे कोडं सुटायला पुढची चार शतकं लागली. इतका काळ माणसं चष्मा हातात धरत होती, नाकाला चिमटवत होती, फितीने बांधत होती. डोक्याच्या दोन्ही बाजूंना हक्काचे दोन कान असताना! १७२०-३०च्या सुमारास लंडनच्या एडवर्ड स्कार्लेटने चष्म्याला काड्या लावल्या. त्याही कानामागे जात नसत; टोकाच्या वेटोळ्यांनी कानशिलं दाबून धरत. मग १७५२ मध्ये त्याच शहरातल्या जेम्स आयस्कफने दोन ठिकाणी दुमडणाऱ्या लांब काड्यांच्या चष्म्याची जाहिरात केली. साध्या पांढऱ्या काचेतून येणारा उजेड डोळ्यांना बोचतो असं त्याचं मत होतं, म्हणून तो निळ्या-हिरव्या काचांची शिफारस करी. उन्हाचा चष्मा हा त्याचा हेतू नव्हता. तरीही लांब काडी आणि रंगीत काच, आजच्या गॉगलची ही दोन्ही अंगं एकाच माणसाच्या दुकानात एकत्र यावीत, याचं मला फार अप्रूप वाटतं.

स्कार्लेटच्या काड्या कानशिलं दाबत, आणि तीच चूक आजही असंख्य गॉगलांमध्ये भेटते. गॉगल घसरतो म्हणून आपण घट्ट फ्रेम मागतो. घट्ट फ्रेम घालून बाहेर पडलं की तीही घसरते, शिवाय कपाळ ठणकतं ते वेगळंच. असं का व्हावं? आरशासमोर उभं राहून दोन्ही तळहात कानशिलांवर ठेवा आणि हळूहळू कानांकडे न्या. हात एकमेकांपासून दूर जातात. डोकं डोळ्यांपाशी अरुंद असतं आणि मागे कानांच्या वर रुंद होत जातं. म्हणजे काड्या एका पाचरीला दोन्ही बाजूंनी दाबत असतात, आणि पाचर दाबली की दाबणारी वस्तू अरुंद बाजूकडे सरकते. ओला चिंचोका बोटांच्या चिमटीत दाबला की सटकन पुढे उडतो, तसा हा गॉगल पुढे ढकलला जातो. जितका जोर जास्त, तितका धक्का जास्त. त्यात घामाने कातडी निसरडी झालेली.

म्हणून जाणकार चष्मेवाला फ्रेम घट्ट करत नाही. तो काडीला कानापर्यंत मोकळी जाऊ देतो आणि कान जिथे डोक्याला चिकटतो, नेमक्या त्या वरच्या टोकाशी तिला खाली वळवतो. पुढचा भाग कानामागच्या खोलगट जागेला अलगद लागून उतरतो. वळण दोन-चार मिलिमीटर आधी आलं तर काडी कानाच्या मुळाशी रुतते; उशिरा आलं तर गॉगल तेवढा पुढे येऊन थांबतो. चांगला बसलेला गॉगल चेहऱ्याला तीनच जागी भेटतो: नाक आणि दोन कानांच्या मागची जागा. बाकी सगळीकडे हवा.

या तिघांत सगळ्यात जास्त भार सोसतं ते नाक, कारण वजनाचा मोठा वाटा काचांचा आणि काचा पुढे. पण नाकाला खरा त्रास होतो तो भारापेक्षा भार कसा वाटला जातो त्याने. नाकाच्या दोन्ही बाजू उतरत्या असतात आणि प्रत्येकाचा उतार निराळा. नोजपॅड त्या उताराला सपाट टेकला तर वजन सगळ्या पॅडवर पसरतं. कोन जरासा चुकला की पॅडची नुसती कड टेकते. भार तोच, जागा मात्र कितीतरी कमी, म्हणजे दाब तितक्याच पटीने वाढला. संध्याकाळी गॉगल काढल्यावर नाकावरचे लाल वळ निरखून पाहा. लंबगोल आणि फिकट खूण असेल तर पॅड नीट टेकतोय. चंद्रकोरीसारखी बारीक, गडद खूण असेल तर एकच कड रुतते आहे, आणि कोर ज्या बाजूला ती कड त्या बाजूची. तुमचा चेहराच दुरुस्ती कुठे करायची ते लिहून देतो! धातूच्या फ्रेमचे पॅड बारीक पक्कडीने वळवता येतात. अॅसिटेट या प्लास्टिकच्या जाड फ्रेममध्ये ते बहुधा एकसंध असतात, म्हणून तिथे घेतानाच नाकाशी जुळणारी फ्रेम निवडावी लागते. नाकाचा वरचा भाग बसका असेल तर ‘लो ब्रिज फिट’ असं सांगून मागावं. नाहीतर फ्रेम गालांवर टेकते आणि प्रत्येक हसण्याला वर उचलली जाते.

आता हलकेपणा. साधी काच पाण्याच्या सुमारे अडीचपट जड, पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक सव्वापटीहूनही थोडं कमी. म्हणजे आकार आणि जाडी तीच ठेवून नुसता पदार्थ बदलला तरी भार निम्मा. फ्रेमच्या बाबतीत ही किमया टायटॅनियमने केली. पोलाद पाण्याच्या जवळजवळ आठपट जड, टायटॅनियम साडेचारपट. शिवाय ते पोलादापेक्षा जास्त लवचीक, त्यामुळे बारीक तार वाकते आणि पुन्हा जागेवर येते. घामाने गंजत नाही आणि शुद्ध टायटॅनियममध्ये निकेल नसल्याने निकेलची ॲलर्जी असलेल्यांनाही चालतं. पण हा धातू मोठा हट्टी. तापला की हवेतला ऑक्सिजन शोषून ठिसूळ होतो, म्हणून त्याचे सांधे आर्गॉनसारख्या निष्क्रिय वायूच्या आवरणात जोडावे लागतात. जपानच्या फुकुई प्रांतातल्या साबाए गावच्या कारागिरांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हे तंत्र हाताखाली आणलं. त्या भागात चष्म्यांचा धंदा १९०५ मध्ये सुरू झाला, तो बर्फाने शेती बंद असताना हिवाळ्यात हाताला काम हवं म्हणून. आज जपानमध्ये बनणाऱ्या बहुतेक सगळ्या फ्रेमा तिथल्याच असतात.

ऑस्ट्रियातल्या लिंत्सच्या सिलुएट कंपनीने १९९९ मध्ये ‘टायटन मिनिमल आर्ट’ नावाची फ्रेम काढली. वजन १.८ ग्रॅम, काचांशिवाय. ना बिजागरी, ना स्क्रू, ना काचांभोवती कड. नासाच्या अंतराळवीरांनी ती अवकाशात वापरली. स्क्रूच नसेल तर तो निसटून यानात तरंगण्याचा प्रश्नही नाही, हे उघडच. मला त्यात दुसरीच गंमत दिसते. तिथे कुठल्याच चष्म्याचं वजन जाणवत नाही, जाड अॅसिटेटचंही नाही. चेहऱ्यावर टिकतो तो निव्वळ पकडीवर. वजन आणि पकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पृथ्वीवर आपल्या ध्यानात येत नाही, कारण इथे दोन्ही एकाच नाकावर येऊन बसतात. माझं ठाम मत आहे की नीट बसलेला तीस ग्रॅमचा गॉगल वेड्यावाकड्या बसलेल्या पंधरा ग्रॅमच्या गॉगलपेक्षा दिवसअखेर हलका वाटतो.

मग निवडायचा कसा? आधी काडीच्या आतली बाजू वाचा. ५२, एक छोटासा चौकोन, १८ आणि पुढे १४५, असं काहीतरी छापलेलं असतं. एका काचेची रुंदी ५२ मिलिमीटर, दोन काचांमधलं नाकावरचं अंतर १८, काडीची लांबी १४५. तुमचा एखादा जुना चष्मा वर्षानुवर्षं सुखाने बसला असेल तर त्याचे आकडे मोबाईलमध्ये टिपून दुकानात जा. तेवढ्याने अर्धी गर्दी बाजूला होते. मग घालून मान खाली घाला, डोकं हलवा, मोठ्याने हसा, पापण्या फडफडवा; पापण्यांचे केस काचेला लागले तर दिवसभर काच पुसत बसाल. पुण्या-नाशिकात दुचाकीवर फिरणाऱ्यांनी हेल्मेट सोबत न्यावं. रुंद, जाड काड्या रुबाबदार दिसतात, पण हेल्मेटच्या आतल्या गादीखाली त्या कानशिलावर अशा रुततात की तासाभरात डोकं धरतं. तिथे बारीक, सरळ काडीच हवी.

नावाला भुलू नका, एवढंच डिझायनर गॉगलबद्दल सांगेन. प्राडा, शनेल, व्हर्साचे ही फॅशनघराणी वेगवेगळी, पण त्यांचे गॉगल लक्सॉटिका या एकाच इटालियन उद्योगाकडून तयार होत आले आहेत. रेखाटन सुंदर असतं, मला आवडतंही. पण ते तुमच्या नाकाचा उतार पाहून काढलेलं नसतं. आणि काच कितीही गडद असली तरी ‘यूव्ही ४००’ची खात्री करून घ्या. गडद काचेमागे बाहुली मोठी होते. काच अतिनील किरण अडवत नसेल तर त्या मोठ्या दारातून ते जास्तच आत जातात.

शेवटचं काम चष्मेवाल्याच्या हातात द्यावं, आणि ते जवळून पाहावं. आपले दोन्ही कान बहुधा एका उंचीवर नसतात. कारखान्यातून आलेली फ्रेम टेबलावर ठेवली तर अगदी सपाट बसते आणि चेहऱ्यावर तिरकी दिसते. उजवी बाजू खाली आली असेल तर तो उजवी काडी बिजागरीपाशी किंचित खाली वाकवतो. काडी कानावर टेकलेली असल्यामुळे पुढची काच वर उचलली जाते. अॅसिटेट असेल तर आधी गरम हवेत मऊ करतो, वाकवतो, निवेपर्यंत तसंच धरून ठेवतो. काम झाल्यावर तीच फ्रेम टेबलावर डुगडुगते आणि चेहऱ्यावर सरळ बसते. भर उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर गॉगल विसरलात तर हीच उष्णता सगळी मेहनत मोडते, म्हणून काढला की डबीत ठेवा, आणि सैल वाटू लागला की पुन्हा त्याच्याकडे न्या; पाच मिनिटांचं काम असतं.