घसरगुंडीखाली फरशी नको, वाळू हवी

हातातलं काम चालू ठेवा आणि कान इकडे द्या. आज बोलायचंय पोरांच्या खेळाविषयी.

आधी आमचीच चूक सांगतो. आमच्या अंगणवाडीत घसरगुंडी आणि झोपाळा बसला, तेव्हा आम्हाला कोण आनंद झाला! पण पहिल्याच पावसात खाली चिखल झाला. पोरं कपडे भरवून यायची, आणि धुणार कोण? आपणच. म्हणून गटातल्या आम्ही बायका ग्रामसभेत उठून बोललो आणि घसरगुंडीखाली पेव्हर ब्लॉक बसवून घेतले. अंगण कसं झकास दिसू लागलं. पुढे चारच महिन्यांनी आमच्यातल्या एकीचा नातू शिडीवरून निसटला आणि त्याच ब्लॉकवर हातावर पडला. मनगटाजवळ हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, "हातावर निभावलं. डोकं आपटलं असतं तर?" तो प्रश्न आमच्या मनातून जाईना. मग आम्ही विचारून, शिकून घेतलं. तेच आज तुमच्यापुढे ठेवतो.

खेळताना पोरांना इजा होते ती बहुतेक वेळा पडल्यामुळे. पोर पडणारच, ते आपण थांबवू शकत नाही. पण ते कशावर पडेल, हे आपल्या हातात आहे. सिमेंट, फरशी, ब्लॉक, मुरूम, धुमसून कडक झालेली माती, यातलं काहीच दबत नाही. सगळा मार हाडाला आणि डोक्याला बसतो. वाळू सरकते, दबते आणि मार स्वतःवर घेते. म्हणून घसरगुंडी आणि झोपाळ्याखाली चाळलेली वाळू हवी, तीही नुसती पसरलेली नको. निदान वीतभर, म्हणजे ९ इंच तरी खोल असावी. १२ इंच भरली तर उत्तम, कारण पोरांच्या पायांनी ती बाजूला जाते. आठवड्यातून एकदा फावड्यानं ओढून सारखी करावी. त्याच वेळी काच, खिळे, कुत्र्यामांजरांची घाणही निघते. आणि चिखलाचं काय? पाण्याला वाट काढून द्यायची. चर खणला की काम झालं. हे आम्हाला आधी सुचलं असतं, तर ब्लॉकचा खर्चही वाचला असता.

दुसरी गोष्ट झोपाळ्याची. झोके घेणाऱ्याइतकंच समोरून पळत जाणाऱ्या लहानग्याकडेही लक्ष हवं. झोपाळ्याची वरची दांडी ८ फुटांवर असेल, तर पुढे १६ आणि मागे १६ फूट जागा मोकळी ठेवावी. म्हणजे उंचीच्या दुप्पट, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. लाकडी किंवा लोखंडी पाटाचा फटका डोक्याला फार जोरात बसतो. रबरी बैठक बरी. जुना टायर बांधला असेल, तर त्याला खाली भोकं पाडा. नाहीतर पाणी साचून डास होतात.

तिसरी गोष्ट गळ्याची. ओढणी, गळ्यातला गोफ, काळा दोरा, स्वेटरच्या टोपीची नाडी हे घसरगुंडीच्या कठड्यात किंवा झोपाळ्याच्या साखळीत अडकतं. पोर खाली घसरतं आणि फास बसतो. ओरडायलाही आवाज फुटत नाही. म्हणून खेळायला सोडण्याआधी ओढणी आणि गळ्यातलं काढून ठेवायचं. घरी साडीचा झोका बांधून मोठी पोरं त्यात गोल गोल फिरतात, तिथेही हीच भीती. मोठ्या माणसाची नजर नसेल, तर झोका सोडून ठेवावा.

चौथी गोष्ट उन्हाची. पत्र्याची घसरगुंडी दुपारी तव्यासारखी तापते. आधी आपला हात लावून बघा. हाताला सोसवत नसेल, तर पोराच्या मांडीला कसं सोसवेल? चटका बसलाच तर २० मिनिटं साधं गार पाणी ओतत राहा. टूथपेस्ट, तेल, शाई काही लावू नका.

आणखी एक. लाडानं लेकराला मांडीवर घेऊन आपण घसरगुंडीवरून येतो. त्याचा पाय कडेला अडकतो, आपलं वजन खाली ओढत असतं, आणि पायाचं हाड मोडतं. लेकराला एकट्यानं येता येत नसेल, तर ती घसरगुंडी त्याच्यासाठी अजून मोठी आहे, एवढं समजावं.

एवढं करूनही पोर पडलं तर? हात-पाय वाकडा दिसला किंवा सुजला, तर चोळू नका, ओढू नका. पुठ्ठा किंवा पट्टी लावून हलकं बांधा आणि दवाखाना गाठा. डोक्याला मार लागल्यावर उलट्या, गुंगी, झटके, असंबद्ध बोलणं, किंवा नाका-कानातून पाणी वा रक्त, यातलं एकही दिसलं तर १०८ ला फोन करा. मान किंवा पाठ दुखते म्हणालं, तर उचलू नका, आहे तसंच राहू द्या.

आता हे मागायचं कुठे? नियमित ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा व्हावी लागते. तिथे ठराव मांडा. शाळेचं मैदान असेल तर शाळा व्यवस्थापन समिती आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असतात. म्हणजे ती समिती आपलीच आहे. अर्जात "खेळणी द्या" एवढंच लिहू नका. "खाली ९ ते १२ इंच वाळू, पाण्याचा चर आणि वर्षातून दोनदा दुरुस्ती" असं स्पष्ट लिहा. नट ढिला, पत्रा फाटलेला, साखळी झिजलेली दिसली, तर दुरुस्त होईपर्यंत ते खेळणं दोरीनं बांधून बंद ठेवा.

आम्ही आता पाळी लावली आहे. रोज संध्याकाळी गटातली एक जण मैदानावर बसते. शेंगा फोडते, मेथी निवडते, पण नजर पोरांवर असते. ब्लॉक उखडले, वाळू आली. तो नातूही हात बरा झाल्यावर पहिल्याच दिवशी शिडी चढला. आजीच्या छातीत धस्स झालं, पण तिनं त्याला अडवलं नाही. पोरांनी चढावं, पडावं, पुन्हा चढावं. आपण फक्त खालची जमीन मऊ ठेवायची.

पुढच्या बैठकीला हप्ता गोळा झाला की सगळ्या मिळून मैदानावर जा आणि झोपाळ्याखाली वीत टेकवून बघा. वाळू किती निघाली ते आम्हाला जरूर कळवा.