फितुराची आगगाडी

मनमाडला मोठ्या गाडीतून उतरायचं, वळकट्या सांभाळत मीटरगेजचा फलाट गाठायचा आणि औरंगाबाद येईपर्यंत खिडकीच्या गजांना नाक लावून बसायचं. ज्यांचं बालपण असं गेलं, त्यांना दोन रुळांमधल्या अंतराचं वेड लागलं तर नवल नाही. स्पेनमध्ये सोबतच्या मंडळींनी माद्रिद–सेव्हिल ‘आवे’ या वेगवान गाडीची तिकिटं काढली, तेव्हा मी नकाशा पसरून त्या देशातली सगळ्यात रेंगाळणारी गाडी शोधत होतो. ‘आवे’चं काय सांगायचं? 1992 साली सुरू झाली, 471 किलोमीटर अडीच तासांत कापते आणि एखादं झाड नीट दिसायच्या आत मागे पडतं. संपला विषय.

माझी गाडी बिल्बाओहून लेओनला जाणारी. रूळ मीटरगेजचे, अगदी आमच्या मनमाडसारखे. अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या वर, वेळ सात तासांहून जास्त. नदीकाठचं कॉन्कोर्दिया स्थानक 1902 सालचं, हिरव्या-पिवळ्या दर्शनी भागामुळे एखाद्या नाट्यगृहासारखं दिसतं. आत मात्र साधी डिझेल गाडी आणि भाजीच्या पिशव्या घेतलेली माणसं.

हा मार्ग माणसांसाठी नव्हे, कोळशासाठी झाला. बिल्बाओच्या लोखंडाच्या भट्ट्या इंग्लंडहून येणाऱ्या कोळशावर चालत. लेओनच्या डोंगरात घरचा कोळसा पडून असताना समुद्रापलीकडून का आणायचा, या हिशेबातून 1894 साली ला रोब्लाची रेल्वे उभी राहिली. गाड्या संथ, दिवस लांब. मग इंजिनावरच्या माणसांनी युक्ती केली. बॉयलरची वाफ नळीने एका भांड्यात सोडायची आणि त्यावर घेवड्याच्या दाण्यांची उसळ, चोरिसो आणि चरबीचे तुकडे घालून तासन्‌तास शिजवायची. वाफेची इंजिनं गेली, भांडी कोळशावर आली. बाल्मासेदा गावात 23 ऑक्टोबरला, सान सेव्हेरिनोच्या दिवशी, या ‘पुचेरा’ची स्पर्धा भरते. धावत्या इंजिनावर शिजलेलं अन्न एखाद्या गावाचं दैवत व्हावं, हे मला कुठल्याही कॅथेड्रलपेक्षा मोठं वाटतं.

पण मी इथे आलो होतो तो एका माणसाच्या मागावर.

सप्टेंबर 2016 मध्ये एक चंदेरी, बुटकी गाडी दिल्लीहून निघून बारा तासांच्या आत मुंबई सेंट्रलला पोचली. चाचणी होती. टाल्गो हे नाव तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांत झळकलं आणि विसरलं गेलं. त्या नावाची शेवटची दोन अक्षरं दोन माणसांची: ‘जी’ गोइकोएचेआचा, ‘ओ’ ओरिओलचा. (रोमन लिपीत मोजायची, देवनागरीत ती एकाच अक्षरात मावतात.) आलेहान्द्रो गोइकोएचेआ हा बिल्बाओजवळच्या एलोरियोचा, जन्म 1895, पेशाने लष्करी अभियंता. लष्कर सोडून तो नोकरीला लागला तो याच ला रोब्लाच्या रेल्वेत. डबे वजनाला इतके जड का, या एका प्रश्नाने त्याला इथेच पछाडलं. रिव्हेट काढून वेल्डिंगने डबे जोडायला त्याने इथेच सुरुवात केली.

मग 1936 चं यादवी युद्ध आलं. बास्क सरकारने बिल्बाओभोवती खंदक आणि काँक्रीटच्या मोर्च्यांचं सुमारे 80 किलोमीटरचं कडं बांधायला घेतलं. नाव ‘लोखंडी कडं’. त्यावरचा कॅप्टन मुर्गा शत्रूला माहिती पुरवताना सापडला आणि त्याला गोळ्या घातल्या गेल्या. त्याच्यानंतर जबाबदारी आली गोइकोएचेआवर. फेब्रुवारी 1937 अखेरीस तोही नकाशे घेऊन फ्रँकोच्या बाजूला निघून गेला. जूनमध्ये कडं फुटलं आणि 19 तारखेला बिल्बाओ पडलं.

आपल्याकडे सूर्याजी पिसाळाच्या फितुरीवर इतिहासकार अजून भांडतात. तिकडेही वाद आहेच. कडं मुळातच कच्चं होतं, टेकड्यांच्या उघड्या माथ्यांवर एकच ओळ, मागे दुसरी फळी नाही, काही ठिकाणी काम अपुरं. वरून घिरट्या घालणाऱ्या विमानांना हे नकाशाशिवायही दिसत होतं, असं एक पक्ष म्हणतो. मला ते पटतं, पण पुरेसं वाटत नाही. कच्ची जागा नेमकी कुठे, हे बांधणाऱ्याइतकं विमानाला कळत नाही.

युद्ध संपलं आणि या माणसाने पुन्हा डब्यांचा प्रश्न हाती घेतला. नेहमीच्या डब्यात दोन चाकं एका आडव्या कण्याला घट्ट बसवलेली असतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी, आणि कणा दोघांना सोडत नाही. गोइकोएचेआने कणाच काढून टाकला. प्रत्येक डब्याला चाकं फक्त मागच्या टोकाला, पुढचं टोक पुढच्या डब्यावर टेकलेलं. डबा बुटका झाला, हलका झाला, वळणावर चाक रुळावर चढेना. 1941 साली माद्रिदजवळ चाकांचा नुसता सांगाडा ताशी 75 किलोमीटरने पळवून त्याने ते दाखवलं. पैसा घातला ओरिओलने. तो आलावाचा कार्लिस्ट पुढारी, म्हणजे जिंकलेल्या बाजूचाच. 1950 साली अमेरिकेत बनलेली टाल्गो माद्रिदहून फ्रान्सच्या सीमेकडे धावू लागली. पुढे तिच्या इंजिनांना निरनिराळ्या मेरीमातांची नावं दिली गेली.

म्हातारपणीही तो गप्प बसला नाही. 1970 च्या दशकात लास पाल्मासला खांबांवरून धावणाऱ्या गाडीचा प्रयोग केला. तो मोडीत निघाला. 1984 साली तो वारला.

कणा काढल्याचा खरा फायदा 1969 मध्ये दिसला. स्पेनचे रूळ 1668 मिलिमीटरचे (आपल्या ब्रॉडगेजपेक्षा जेमतेम 8 ने कमी), फ्रान्सचे 1435 चे. एकोणिसाव्या शतकातल्या स्पॅनिश अभियंत्यांनी चढावर मोठा बॉयलर लागेल म्हणून रूळ रुंद धरले. नेपोलियनसारखी स्वारी पुन्हा होईल या भीतीने रूळ वेगळे ठेवल्याची गोष्ट लोकांना जास्त आवडते, एवढंच. सीमेवर पिढ्यान्‌पिढ्या प्रवासी उतरत, सामान उचलत, दुसऱ्या गाडीत चढत. बार्सिलोना–जिनिव्हा टाल्गो मात्र एका सांगाड्यातून हळूहळू सरकली, सुटी चाकं आपोआप आत सरकून घट्ट बसली आणि प्रवाशांना जागचं हलावंही लागलं नाही. आपल्या 1676 वरून 1000 वर येणं त्या गाडीलाही जड गेलं असतं, हे मला कळतं. तरी मनमाडच्या फलाटावर हमालाशी घासाघीस करणारे वडील आठवलेच.

एब्रोचा जलाशय खिडकीत बराच वेळ राहिला. पाण्यावर वारा, काठावर गाई. मग मातापोर्केरा आलं. इथे मीटरगेजला पालेन्सिया–सांतान्देरचा रुंद मार्ग भेटतो, स्थानकं मात्र वेगवेगळी. माझ्या समोरच्या आजीबाई उठल्या, चाकांची पिशवी खाली उतरवली आणि दुसऱ्या स्थानकाच्या दिशेने चालू लागल्या. मी पिशवीला हात लावायला गेलो तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं.