निःशब्द रथाची पूजा

साडेतीन मुहूर्तांपैकी एक असलेल्या विजयादशमीला घरी नवे वाहन यावे, ही हौस आता आपल्या समाजात चांगलीच रुजली आहे. घटस्थापनेपासूनच मोटारींच्या दालनांत कुटुंबेच्या कुटुंबे दिसू लागतात. पंचांग उघडले जाते, झेंडूच्या माळा आधीच सांगून ठेविल्या जातात, आणि पेढ्यांचा पुडा कोणी आणावयाचा यावरून घरात गोड वादही होतो. वस्तुतः शस्त्रांची व अवजारांची पूजा आपल्या प्रांती खंडेनवमीची. शेतकऱ्याचा नांगर, सुताराचा रंधा, शिंप्याचे यंत्र, गिरणीतील साचा, एस.टी.च्या आगारातील गाडी, ज्याच्यावर आपले पोट चालते त्याच्यापुढे वर्षातून एकदा हात जोडावयाचे, हा त्या पूजेचा सरळ अर्थ. मग ज्या वाहनावर कोणाचेही पोट चालत नाही, जे केवळ वेगाच्या हौसेखातर घेतले जाते, त्याच्या बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक रेखताना आपण नेमके कशाला नमस्कार करतो?

हा प्रश्न मनात असतानाच आमच्या एका स्नेह्यांचे बोलावणे आले. त्यांच्या भाच्याने विजेवर चालणारी एक शर्यतीच्या घाटाची मोटार पसंत केली होती, आणि ती नोंदविण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांनी पाहावी अशी त्याची इच्छा होती. मुंबईतील त्या दालनात आम्ही पोहोचलो तेव्हा स्नेह्यांच्या मातोश्री आधीच खुर्ची टाकून बसल्या होत्या. ऐंशी पार केलेल्या या बाईंनी बैलगाडीपासून विमानापर्यंत सारी वाहने पाहिलेली.

मोटारीचे नाव सायबरस्टर. एम. जी. या मूळच्या इंग्रजी नावाखाली ती विकली जाते. ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसमधून गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात निघालेल्या या घराण्याची मालकी आता चीनमधील सायक या उद्योगाकडे असून भारतात जिंदल समूह त्याचा भागीदार आहे. 2021 मध्ये शांघायच्या प्रदर्शनात संकल्पनारूपाने मांडलेली ही मोटार भारतात 2025 च्या जुलैत विक्रीस आली, तेव्हा तिची किंमत पाऊण कोटीच्या घरात होती. तेवढ्या रकमेत तालुक्याच्या गावी एखादा वाडा उभा राहील, हा विचार आमच्या मनात आल्यावाचून राहिला नाही. पण हौसेचा हिशेब दुसऱ्याने मांडू नये.

दालनातील तरुणाने एक कळ दाबली आणि दोन्ही दारे कात्रीच्या पात्यांप्रमाणे वर उचलली गेली. दुसरी कळ दाबताच कापडी छप्पर दहा-बारा सेकंदांत घडी होऊन मागे गेले. लहान मुलांनी टाळ्या वाजविल्या. आजीबाई मात्र काठी टेकीत मोटारीभोवती एक संथ प्रदक्षिणा घालून आल्या आणि म्हणाल्या,

"अरे, याचं इंजीन कुठं आहे?"

"आजी, याला इंजीन नाहीच," तो तरुण आदराने म्हणाला. "एक मोटर पुढच्या चाकांना, एक मागच्या चाकांना. आणि बॅटरी खाली, बसणाऱ्याच्या पायांखाली."

"आणि माणसं दोनच बसणार?"

"हो आजी, दोनच."

"मग मला कुठं बसवून देवाला नेणार रे?" असे त्यांनी नातवाकडे पाहून विचारले. नातू हसला, पण थोडा ओशाळलाही.

त्या तरुणाने मग सारी माहिती दिली. दोन्ही मोटरी मिळून सुमारे 510 अश्वशक्ती. बॅटरीची क्षमता 77 किलोवॅट-तास. वजन जवळजवळ दोन टन. जागेवरून निघून ताशी 100 किलोमीटरचा वेग गाठावयास 3.2 सेकंद. हा शेवटचा आकडा ऐकून आम्ही मनातल्या मनात मोजून पाहिले. "शुभं करोति" एवढे शब्द शांतपणे उच्चारून होतात न होतात तोच मोटार शंभराच्या वेगाने धावू लागलेली असावयाची. सूर्यनारायणाच्या रथाला सात घोडे आणि त्यांना आवरावयास अरुणासारखा सारथी. येथे पाचशेहून अधिक घोडे आणि सारथ्याचा परवाना कदाचित गेल्याच वर्षीचा.

तरीही या बाबतीत सायबरस्टर ही काही परमावधी नव्हे. आपल्या मुंबईच्या महिंद्र समूहाच्या मालकीच्या पिनिनफारिना या कंपनीने 2019 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडलेल्या बॅटिस्टा या विजेच्या मोटारीची शक्ती 1900 अश्वांची आहे, आणि शंभराचा वेग ती दोन सेकंदांच्या आत गाठते. विजेच्या मोटारीची ही धावही आजकालची नाही. ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा ओलांडणारी जगातील पहिली मोटार विजेवरच चालत होती. पॅरिसजवळच्या आशेर येथे 29 एप्रिल 1899 रोजी कामीय जेनात्झी या बेल्जियन गृहस्थाने बंदुकीच्या गोळीसारख्या आकाराची आपली मोटार ताशी 105.88 किलोमीटर वेगाने पळविली. त्या मोटारीचे नाव होते ला जामे कोंतांत, म्हणजे कधीच समाधान न पावणारी. तृष्णेचे स्वरूप आपल्या संतांनी परोपरीने वर्णिले आहे. पण एखाद्याने आपल्या वाहनावरच ते नाव रंगवून घ्यावे, ही प्रांजळपणाची कमाल म्हटली पाहिजे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. पेट्रोलच्या इंजिनाला जोर धरावयास काही क्षण लागतात. ते आधी घरघरते, फिरते, फेरे वाढवीत नेते आणि मग त्याची पुरी ताकद चाकांपर्यंत पोहोचते. त्या घरघरीने आजूबाजूच्या माणसांनाही सूचना मिळते. विजेच्या मोटरीचे तसे नाही. चाक जागच्या जागी उभे असतानाच तिचा सर्वाधिक पीळ हाताशी असतो. पायाचा दाब पडला की तो तत्क्षणी चाकाला मिळतो. आणि हे सारे जवळजवळ निःशब्द. मोटार निद्रिस्त आहे की जागी, हे बाहेरून पाहणाऱ्यास कळतच नाही. याच कारणास्तव युरोपीय संघाने 2021 च्या जुलैपासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या विजेच्या मोटारीने कमी वेगात चालताना कृत्रिम आवाज केलाच पाहिजे, असा दंडक घातला आहे. अंध व्यक्ती, लहान मुले आणि आपल्याच विचारात चाललेली वृद्ध माणसे यांना त्या आवाजाचाच आधार.

हे सर्व ऐकत असताना आम्हांस आठवण झाली ती आपल्याकडील लिंबाची. नव्या वाहनाच्या चाकांखाली लिंबे ठेवावयाची आणि ती चिरडीत वाहन पुढे न्यावयाचे, हा आपला लोकाचार. दृष्ट निघावी, विघ्न टळावे, ही त्यामागील भावना. त्या क्षणाचे दृश्य डोळ्यांपुढे आणावे. घरातील सारी मंडळी मोटारीच्या अगदी पुढ्यात उभी. कोणाच्या हाती आरतीचे तबक, कोणाच्या हाती नारळ, कोणी छायाचित्र घेण्यात गुंतलेले, मुले चाकापाशी वाकून लिंबू कसे फुटते ते पाहत आहेत. आणि मोटारीत बसलेले माणूस त्या मोटारीवर आयुष्यात प्रथमच बसलेले. एका लिंबाचा अडसर ओलांडण्यासाठी किंचित दाब द्यावयाचा. तो किंचित म्हणजे किती, हे त्या पायाला अजून ठाऊक नसते.

2025 च्या सप्टेंबरात दिल्लीच्या निर्माण विहार भागात असेच घडले. नवी मोटार ताब्यात घेतलेली एक महिला दालनाच्या पहिल्या मजल्यावरच पूजा करून लिंबावरून चाक नेत होती. पायाचा दाब अधिक पडला आणि मोटार दर्शनी काच फोडून थेट खाली रस्त्यालगत कोसळली. हवेच्या पिशव्या उघडल्या आणि प्राणावर बेतले नाही, ही ईश्वराची कृपा. ती मोटार विजेची नव्हती, इंजिनाचीच होती. जोर धरावयास जिला क्षणभर लागतो तिची ही कथा. जिला तेवढाही क्षण लागत नाही तिच्यापुढे आपण लेकरांना उभे करावे काय?

आम्ही हा विषय काढताच भाचा म्हणाला, "काका, लिंबू नको असं कसं म्हणता? आजीला चालणार नाही."

त्यावर आजीबाईच म्हणाल्या, "मला काय चालायचं नाही? विघ्न टळावं म्हणून लिंबू. त्याच लिंबानं विघ्न यायचं असेल तर हातानं कापून ओवाळून टाका की."

आमच्या मते त्या दालनात त्या दिवशी बोलली गेलेली ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट होती. पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रे शमीवर बांधून ठेविली, आणि त्या अवधीत ती हाताशी असूनही खाली उतरविली नाहीत. दसऱ्याला आपण शमीपुढे उभे राहतो तेव्हा त्या शस्त्रांच्या धारेइतकेच त्या आवरून धरण्यालाही वंदन करतो, असे आम्हांस वाटते. पाचशे अश्वांच्या वाहनापुढे हात जोडावयाचे असतील तर ते याच भावनेने. मग त्यावर पोट चालत असो वा नसो.

आणि पोट चालविणारी विजेची वाहनेही आता आपल्या रस्त्यांवर आहेत. पुणे–अहमदनगर मार्गावर 1 जून 1948 रोजी एस.टी.ची पहिली गाडी सुटली; त्याच मार्गावर 1 जून 2022 रोजी शिवाई ही एस.टी.ची पहिली विजेची गाडी धावू लागली. अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, डिझेलच्या जागी बॅटरी आली. रिक्षा, मालवाहू गाड्या, घरोघरी सामान पोहोचविणाऱ्या मुलांच्या दुचाक्या, यांतही विजेची वाहने वाढत आहेत. तेव्हा पुढील सूचना केवळ पाऊण कोटीच्या मोटारीच्या धन्यासाठी नाहीत.

पूजेच्या वेळी वाहन पूर्णपणे बंद असावे, आणि त्याची किल्ली वा किल्लीऐवजी मिळणारे कार्ड वाहनात न ठेवता घरातील एका जाणत्या माणसाकडे द्यावे. पुष्कळ नव्या मोटारींच्या दर्शनी भागात रस्त्याचा वेध घेणारी उपकरणे बसविलेली असतात. कुंकवाचे स्वस्तिक त्यांच्यावर न रेखता बॉनेटच्या मध्यभागी रेखावे, आणि झेंडूची माळ निघण्यापूर्वी काढून देवापुढे ठेवावी. वीज भरण्याचे तोंड झाकलेले आहे ना, हे पाहूनच पाणी शिंपडावे. कापडी छप्पर असल्यास निरांजन व उदबत्ती हातभर दूर धरावी. नारळ वाहनाच्या अंगावर नव्हे, बाजूच्या दगडावर वाढवावा. लिंबू ओवाळून टाकल्याने ज्यांचे समाधान होणार नाही त्यांनी चाक लिंबावरून जरूर न्यावे. मात्र ते मोकळ्या मैदानात, सरावलेल्या चालकाच्या हातून, आणि पुढे व मागे कोणीही मूल नाही हे घरातील वडीलधाऱ्याने स्वतः वाहनाभोवती फिरून पाहिल्यानंतरच.