रमजानच्या यादीत अम्मीच्या गोळ्या

शाबान निम्मा सरला की आमच्या घरी रमजानची यादी निघते. बेसन, खजूर, शेवया, सरबताची बाटली, मशिदीत पाठवायच्या इफ्तारीचे सामान. दोन वर्षांपूर्वी या यादीत सगळे होते, फक्त अम्मीच्या बीपीच्या गोळ्या नव्हत्या.

अम्मी सत्तरीची. तेव्हा तिला रोज दोन गोळ्या होत्या, दोन्ही सकाळी नाश्त्यानंतर. रमजानात नाश्ता नाही म्हणजे गोळीही नाही, असा तिने साधा हिशेब केला आणि कुणाला सांगितले नाही. सहाव्या रोज्याला असरच्या सुमारास तिची छाती धडधडू लागली, डोके जड झाले. घरच्या मशीनवर वरचा आकडा २०० च्या पुढे होता. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणती गोळी बंद केली?" आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. एक पांढरी आणि एक छोटी गुलाबी, एवढेच आम्हाला माहीत होते. शिक्षकांच्या घरात ही गत! दोन रात्री तिथे काढून अम्मी घरी आली. बाकीचे रोजे सुटल्याबद्दल मात्र ती ईदपर्यंत आमच्यावरच नाराज होती.

त्या दोन गोळ्यांतली एक मेटोप्रोलॉल होती. ही गोळी हृदयाचा वेग आवरून धरते. ती एकदम बंद केली की आवरलेले हृदय उसळी घेते, धडधड वाढते, रक्तदाब चढतो. ज्यांना आधीच हृदयाचा त्रास आहे त्यांना यातून झटकाही येऊ शकतो. बंद करायचीच असेल तर डॉक्टर ती हळूहळू कमी करत आणतात.

पुढच्या वर्षी रमजानच्या तीन आठवडे आधी आम्ही अम्मीला घेऊन गेलो. डॉक्टरांनी तपासले, रोजे ठेवायला हरकत नाही म्हणाले आणि गोळ्यांची वेळ इफ्तारनंतर नेऊन दिली. काम दहा मिनिटांचे होते. बीपीच्या बऱ्याच गोळ्या दिवसातून एकदाच घ्यायच्या असतात, त्यामुळे असे करता येते. पण कोणाची वेळ बदलायची आणि कोणाचा डोस, हे घरच्या घरी ठरवू नये. लघवी वाढवणारी गोळी सेहरीला घेतली तर दिवसभर पाणी नसताना अंगातले पाणी निघून जाते आणि चक्कर येते. ज्यांना डॉक्टर रोज्याला नाहीच म्हणतात, त्यांना सूरह बकरामध्ये दिलेली सवलत आहे: आजाऱ्याने रोजा नंतर कजा करावा, आणि जो कधीच ठेवू शकणार नाही त्याने फिदया द्यावा. आलिमांना विचारा, तेही हेच सांगतील.

त्या दवाखान्यातून आल्यावर आम्ही पट्टीवरची नावे वाचायला बसलो. भाषा शिकवणाऱ्याला प्रत्यय आधी दिसतो, तसे झाले. पट्टीवर कंपनीचे नाव मोठे असते, त्याच्याजवळ बारीक अक्षरात औषधाचे खरे नाव. त्याचे शेपूट पाहावे. शेवटी 'लॉल' असेल (अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल) तर एकदम थांबवायची नाही. 'डिपिन' असेल, जसे अम्लोडिपिन, तर काहींच्या घोट्यांवर सूज येते. गोळी फेकू नये, डॉक्टरांना दाखवावी. 'प्रिल' असेल तर कोरडा खोकला लागू शकतो आणि आपण महिनाभर खोकल्याचे औषध पीत बसतो. 'सार्टन' (टेल्मिसार्टन, लोसार्टन) आणि 'प्रिल' या दोन्ही गोळ्या गरोदरपणात बाळाला घातक आहेत. घरातल्या सुनेला, मुलीला कमी वयात बीपी निघाले असेल तर हे तिला ठाऊक असलेच पाहिजे. 'सार्टन' घेणाऱ्यांनी कमी सोडियमचे मीठही विचारल्याशिवाय आणू नये, त्यात पोटॅशियम असते आणि ते रक्तात साचते.

खरे नाव वाचण्याचा आणखी एक फायदा झाला. आमच्या शेजारच्या चाचांकडे दोन वेगळ्या नावांच्या पट्ट्या होत्या, एक जुन्या डॉक्टरांची, एक नव्या. दोन्हींत अम्लोडिपिन. चाचा कित्येक दिवस दुप्पट डोस घेत होते आणि सजद्यातून उठताना भिंत धरत होते.

गुडघ्यांची गोष्ट तर घरोघरची. रुकू-सजद्याला गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन आणले जाते. या गोळ्या रक्तदाब वाढवतात आणि बीपीच्या काही औषधांसोबत मूत्रपिंडांवर ताण आणतात. खुर्चीवर बसून नमाज पढणे त्यापेक्षा बरे.

आता हकीमसाहेबांच्या दव्याविषयी, कारण डॉक्टरांपासून ती सर्वांत जास्त लपवली जाते. बीपीसाठी देतात ती मुळी म्हणजे सर्पगंधा, युनानीतले असरोल. तिने रक्तदाब खरोखर उतरतो. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी १९३१ मध्ये तिच्यातून एक द्रव्य वेगळे काढले आणि हकीम अजमल खान यांच्या नावावरून त्याला अजमलीन म्हटले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांवरच्या तिच्या वापराचा अहवाल १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापला, तेव्हा बाहेरच्या जगाचेही तिच्याकडे लक्ष गेले. इतकी ताकद तिच्यात आहे, म्हणूनच 'देशी आहे, काय होतंय' म्हणून ती वरून घेणे धोक्याचे. तिने नाडी मंदावते, मेटोप्रोलॉलनेही मंदावते. काहींचे मन त्या मुळीने फार उदास होते. पुडी सोबत नेऊन डॉक्टरांपुढे ठेवावी, लाजू नये.

एखाद दिवशी गोळी विसरली तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवले तर नेहमीची एकच, दोन नाहीत. मशीन लावताना आधी पाच मिनिटे टेकून बसावे, हात छातीच्या उंचीवर ठेवावा, बोलू नये. आकडा चांगला आला म्हणजे आजार गेला असे नाही, गोळीचे काम चालू आहे. छातीत कळ, जीभ अडखळणे किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे दिसले तर मगरिबची वाट न पाहता रोजा सोडवावा आणि १०८ ला फोन करावा.

खर्चासाठी कोणी गोळी अर्धी करत असेल तर त्याला कार्ला किंवा खडकाळ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. जनऔषधी दुकानातही याच गोळ्या खऱ्या नावाने स्वस्त मिळतात.

आणि आपल्याकडचा पाऊस. लोणावळ्यात जुलैमध्ये भिंतींना ओल येते, स्वयंपाकघरातल्या डब्यात सुट्या काढून ठेवलेल्या गोळ्या नरम पडतात. गोळी पट्टीतच ठेवावी आणि पट्टी तारीख लिहिलेल्या बाजूने कापू नये. लोकल बंद पडली, घाटात दरड आली तरी चालेल इतक्या, म्हणजे पंधरा दिवसांच्या गोळ्या घरात जास्तीच्या हव्यात. आमच्या अम्मीच्या आता कपाटात, कुराणशरीफच्या खालच्या फळीवर असतात. फजरनंतर तिलावतीला बसताना रोज तिच्या नजरेस पडतात, आणि रमजानात इफ्तारनंतर आम्हीच तिला आठवण करतो.