टोपीतली चिठ्ठी

कुठल्याही संघाला त्याचा सर्वांत मोठा खेळाडू कसा मिळतो? न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल संघाला तो चक्क टोपीतल्या चिठ्ठीनं मिळाला! अटलांटाच्या संघानं टॉम सीव्हरशी केलेला करार नियमबाह्य ठरला. मग १९६६ मध्ये तीन इच्छुक संघांच्या चिठ्ठ्या टोपीत टाकल्या आणि हाताला लागली ती मेट्सची.

मेट्स म्हणजे तेव्हा निव्वळ हसं. १९६२ च्या पहिल्याच हंगामात १२० पराभव! अशा संघात हा पिचर, आपल्या भाषेत गोलंदाजच म्हणा, १९६७ मध्ये उतरला आणि १९६९ मध्ये मेट्स जगज्जेते झाले. लोक त्याला ‘द फ्रँचाइज’ म्हणू लागले. म्हणजे हा संघातला खेळाडू नव्हेच, हाच संघ!

आणि त्यालाच १५ जून १९७७ रोजी सिनसिनाटीला देऊन टाकलं.

देता येतं असं? येतं. बेसबॉलमध्ये ‘ट्रेड’ म्हणजे खेळाडूंच्या करारांची अदलाबदल. मानधनावरून सीव्हर आणि संघाचे अध्यक्ष डोनाल्ड ग्रँट यांचं बिनसलं होतं. त्यात एका वृत्तपत्रीय स्तंभात सीव्हरच्या पत्नीचं नाव ओढलं गेलं आणि उरलंसुरलं तुटलं. बदल्यात मेट्सला मिळाले चार खेळाडू. बोहारणीला पैठणी देऊन चार वाट्या घ्याव्यात, तसं वाटलं चाहत्यांना. निरोपाचं बोलताना खुद्द सीव्हरला रडू आवरेना.

पण चाहत्यांचं नेमकं काय गेलं? करार संघाचा, मैदान संघाचं. त्यांच्याकडे फार तर फाटलेलं तिकीट!

इथे एक गमतीदार प्रयोग आठवतो. कानेमन, नेच आणि थेलर या संशोधकांनी काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले, काहींना नाही. मग विचारलं: केवढ्याला विकाल? केवढ्याला घ्याल? मगवाल्यांची किंमत साधारण दुप्पट निघाली! वस्तू हाती येऊन कितीसा वेळ झाला होता? तेवढ्यात ती ‘माझी’ झाली होती. मग दहा वर्षं ज्याच्या प्रत्येक चेंडूला श्वास रोखला, तो माणूस किती ‘माझा’ होत असेल? मालकीची एक नोंद कागदावर असते, दुसरी मनात. ट्रेडमध्ये फक्त पहिली बदलते.

दुसरी कशी टिकते, पाहा. त्याच ऑगस्टमध्ये सीव्हर सिनसिनाटीकडून मेट्सच्याच मैदानावर आला, मेट्सला हरवून गेला आणि घरच्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या कुणासाठी? त्याच्यासाठी! मेट्स मात्र सलग तीन हंगाम आपल्या गटात तळाला राहिले. १९७६ मध्ये साडेचौदा लाखांवर असलेले प्रेक्षक १९७९ मध्ये आठ लाखांच्याही आत आले. न्यूयॉर्कमध्ये अमेरिकेचे एकेकाळचे राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांची समाधी प्रसिद्ध आहे. ओस पडलेल्या स्टेडियमला लोक तेच नाव देऊ लागले, ‘ग्रँटची समाधी’!

आता खरी कमाल ऐका. प्रतिस्पर्ध्याला सबंध सामन्यात एकही हिट न देणं म्हणजे ‘नो-हिटर’, पिचरचं स्वप्नच. मेट्सकडून खेळताना सीव्हरनं पाच सामन्यांत फक्त एकेक हिट दिला होता. दर वेळी स्वप्न एका फटक्यानं हुकलं. ते साधलं १६ जून १९७८ ला, ट्रेडनंतर बरोबर एक वर्ष आणि एका दिवसानं, सिनसिनाटीच्या गणवेशात! आणि मेट्सचा पहिला नो-हिटर? त्यासाठी १ जून २०१२ उजाडावा लागला. योहान सांतानानं तो टाकला, तो संघाचा ८०२० वा सामना होता. समोरचा संघही सीव्हरच्या नो-हिटरच्या वेळचाच, सेंट लुईस कार्डिनल्स!

१९८३ मध्ये सीव्हर मेट्सकडे परतला, पहिल्याच सामन्यात अख्खं मैदान उभं राहिलं, आणि वर्षभरात संघानं त्याला पुन्हा गमावलं. या वेळी, इतर संघांना उचलता येणार नाही अशा खेळाडूंच्या राखीव यादीत त्याचं नाव घातलंच नव्हतं. शिकागोनं अलगद उचललं.

आज मेट्सच्या स्टेडियमचा पत्ता आहे ‘४१ सीव्हर वे’. ४१ हा त्याच्या शर्टावरचा क्रमांक. ज्या संघानं त्याला दोनदा हातचं जाऊ दिलं, त्या संघाला पत्र पाठवायचं तर पाकिटावर सीव्हरचंच नाव लिहावं लागतं!