नाद खुळा, वस्ताद आणि बेरड : शब्दांचे अर्थ कसे सरकतात?

पन्हाळ्यावर उभं राहून मराठीबद्दल बोलायचं, तर पहिलं नाव मोरोपंतांचं घ्यावं लागतं. १७२९ साली त्यांचा जन्म याच गडावर झाला. पण आज आपण पंतांच्या संस्कृतप्रचुर आर्यांकडे जाणार नाही. आज आपण तीन दरवाज्याजवळ फोटो काढणाऱ्या पोरांच्या घोळक्यात उभे राहू. तिथं कानावर काय पडतं? 'नाद खुळा!' 'लई भारी!' 'बेक्कार मजा आली राव!' यालाच आपण स्लँग म्हणतो, आणि भाषा बिघडली अशी तक्रारही करतो. खरंच बिघडली का, ते पाहू.

'भारी' घ्या. मूळ अर्थ वजनदार. जड कापड महाग असायचं, म्हणून 'भारी साडी' म्हणजे उंची साडी. उंची ते उत्तम, हे एकच पाऊल. २०१४ साली 'लय भारी' हे सिनेमाचंच नाव झालं. पण जुनं वजन गेलेलं नाही. 'हे तुला भारी पडेल' म्हणताना ते लगेच जाणवतं. म्हणजे नवा अर्थ आला की जुना निघून जातोच असं नाही. दोघं एका घरात नांदतात.

'नाद' संस्कृतात ध्वनी. मराठीत त्याचं वेड झालं : कुस्तीचा नाद, बैलांचा नाद. 'नादी लागला' ही तक्रार, 'नाद करायचा नाय' ही धमकी. आणि 'खुळा' म्हणजे तर वेडाच. दोन्ही शब्द तसे बदनाम. पण कोल्हापुरानं ते एकत्र बांधले आणि झाली शाबासकी!

उलटा प्रवासही होतो. 'वस्ताद' हा फारसी 'उस्ताद'. कोल्हापूरच्या तालमीत वस्ताद समोर आले की पोरं वाकून पाया पडतात. तोच शब्द चौकात आला की, 'तो लई वस्ताद हाय, जपून रहा.' कसबी माणूस बघता बघता बिलंदर झाला. गंमत बघा, शिवकाळात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला. दरबाराची भाषा अशी कोशानं वळवता येते. तालमीची नाही वळवता येत. वस्ताद तिथंच राहिला.

तिसरा प्रकार झिजण्याचा. 'बेकार' म्हणजे काम नसलेला, मग वाईट, आता 'बेक्कार भारी'मध्ये फक्त 'खूप'. 'भयंकर सुंदर' म्हणताना आपल्याला कुठे भय वाटतं? इंग्रजीतलं 'टेरिफिक'ही असंच दहशतीतून कौतुकात आलं. जोर देणारा शब्द वापरून गुळगुळीत होतो, मग नवा शोधावा लागतो. म्हणून प्रत्येक पिढीची स्लँग वेगळी.

शिवीचंही तसंच. कोल्हापूरकर जिवलग मित्राला पाहताच जी शिवी हासडतो, ती ऐकून पाहुणा दचकतो. मित्र मात्र मिठी मारतो. पण तीच शिवी अनोळखी माणसाला देऊन बघा! अर्थ नुसता शब्दात नसतो. तो कोण कुणाला म्हणतो, यात असतो.

इथवर सगळं गमतीचं. आता थोडं थांबू.

'काय बेरड आहे!' असं आपण निगरगट्ट माणसाला सहज म्हणतो. 'भामटा' म्हणजे ठग, हेही सहज. पण बेरड हे एका समाजाचं नाव आहे. कन्नडमध्ये 'बेड' म्हणजे शिकारी. भामटा हेही जमातीचं नाव. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि अशा कितीतरी जमातींवर जन्मानेच गुन्हेगार असा शिक्का बसला. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, जमाती 'विमुक्त' ठरल्या. शब्द मात्र विमुक्त झाले नाहीत. कायदा रद्द करायला सही पुरते, शब्दाचा अर्थ रद्द करायला कुणाची सही चालणार?

बेळगावकडच्या भीमराव गस्तींनी आपल्या आत्मकथनाला नाव दिलं 'बेरड'. लक्ष्मण गायकवाडांनी 'उचल्या'. ज्या शब्दानं हिणवलं, तोच त्यांनी मुखपृष्ठावर छापला. मघाच्या मित्राच्या शिवीसारखंच आहे हे : बोलणारा बदलला की शब्दाचं वजन बदलतं. पण त्यांनी तो स्वतःसाठी उचलला, म्हणून आपल्याला तो दुसऱ्यावर फेकायची मुभा मिळत नाही.

तेव्हा मंडळी, पोरांच्या 'नाद खुळा'ची काळजी करू नका. तो आज आहे, उद्या झिजेल, परवा दुसरा येईल. काळजी करायची तर त्या शब्दांची, जे न झिजता एखाद्याच्या आडनावाला चिकटून बसलेत. आज गड उतरताना एवढंच करू : दिवसभरात आपण कुणाला काय काय म्हणालो, ते आठवू. त्यातला एखादा शब्द कुणाच्या घराचं नाव तर नव्हता ना?