पाखरांपासून नुकसान : निरंक

बँकेतून निवृत्त होऊन सहा वर्षे झाली, पण पहाटे पाचला जाग येण्याची सवय काही सुटली नाही. पूर्वी जाग आली की तिजोरीच्या किल्ल्या आठवायच्या, आता दुर्बीण आठवते. जानेवारीतला रविवार होता. आमच्या कळमन्यात या दिवसांत धुके आणि बाजाराकडे निघालेल्या ट्रकांचा धूर असे काही एकमेकांत मिसळतात, की पहाटेचा पहिला कावळासुद्धा खोकल्यासारखा ओरडतो. सौ.ने थर्मासमध्ये चहा भरून दिला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "अहो, तीच पाखरं पाहायला पुन्हा पुन्हा काय जायचं?"

"तीच आली का, हेच पाहायला," मी नेहमीचे उत्तर दिले.

शेजारचे निवृत्त मास्तर आणि मी, असे दोघे त्यांच्या जुन्या गाडीतून उमरेड रस्त्याला लागलो. जायचे होते पारडगावच्या तलावावर. मुंबईचे आमचे व्याही शिवडीच्या चिखलातल्या रोहित पक्ष्यांचे कौतुक सांगू लागले की आम्ही नागपूरकर गप्प बसतो. आम्हाला ना समुद्र, ना खाडी. पण विदर्भाच्या वाट्याला तलाव आले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडे कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले तलाव आहेत. १९५१ साली मालगुजारी गेली, तरी लोक त्यांना अजून मालगुजारी तलावच म्हणतात. त्यांत पाटबंधाऱ्यांच्या तलावांची भर पडली. पावसाळ्यात हे तलाव तुडुंब भरतात, हिवाळ्यात रब्बीसाठी पाणी सुटते आणि काठ हळूहळू उघडा पडत जातो. त्या ओल्या गाळात शंखशिंपले, किडे, कोवळे गवत. समुद्राला भरती-ओहोटी दिवसातून दोनदा, आमच्या तलावाला वर्षातून एकदाच. पाहुणे येतात ते नेमके या ओहोटीच्या वेळी.

पोहोचलो तेव्हा पाण्यावर धुक्याची घोंगडी पसरलेली होती. आधी नुसते आवाज ऐकू आले. मग ऊन वर आले आणि एकेक मंडळी दिसू लागली. शेपटीला टोक असलेले तलवार बदक, चमच्यासारख्या चोचीचे थापट्या, भगव्या रंगाची चक्रवाकाची जोडी. काळ्या अंगाचे आणि कपाळावर पांढरा टिळा लावलेले वारकरी तर दिंडीच घेऊन निघालेले. पलीकडच्या काठावर, गवतात, मास्तरांनी बोट दाखवले तिथे, पट्टकादंब चरत होते. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, म्हणून हे नाव.

हा पक्षी मंगोलिया, तिबेट, लडाखच्या उंच सरोवरांकाठी अंडी घालतो आणि थंडीत हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. सात हजार मीटरहून अधिक उंचीवर तो उडत असल्याची नोंद आहे. तिथल्या विरळ हवेतला प्राणवायू धरून ठेवील असे हिमोग्लोबिन त्याच्या रक्तात असते. मंगोलियात काही कादंबांच्या गळ्यात अक्षर-आकड्यांची पट्टी बांधतात. तशी पट्टी घातलेले पक्षी भारतातल्या तलावांवर दिसलेले आहेत. मला ते ऐकून बँकेतले पितळी टोकन आठवले. टोकन तिकडे मिळाले, पैसे इकडे उचलले!

आम्ही मोजायला बसलो. पाणपक्ष्यांची आशियाई गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. आमची मोजणी मात्र आमच्याच वहीपुरती. थवा मोजायची रीत नोटांच्या बंडलासारखीच असते. आधी दहा नीट मोजायचे, ते केवढी जागा व्यापतात ते डोळ्यांत धरायचे आणि मग दहा-दहाचे गठ्ठे करत पुढे सरकायचे. कादंब चौसष्ट भरले. मास्तरांच्या हिशेबात एकसष्ट. आम्ही एकसष्ट लिहिले. शंका असली की कमी आकडा धरायचा, हा बँकेचा संस्कार.

मोजताना मास्तर सहज म्हणाले, "यंदा वाटेत एकही भोरडी दिसली नाही हो." आणि मला १९८७ साल आठवले.

त्या वर्षी मी याच भागातल्या एका शाखेत शेतीकर्जांचे काम पाहत होतो. एक म्हातारे शेतकरी ज्वारी सोडून सोयाबीन घ्यायचे म्हणून पीककर्ज मागायला आले. कारण विचारले तर म्हणाले, "साहेब, ज्वारीले पाखरू लागते. मचानावर बसून गोफण फिरवता फिरवता हात दुखते. सोयाबीनले पाखरू तोंड लावत नाही म्हन्ते." मला मुद्दा पटला. मी अहवालात लिहिले, 'पाखरांपासून नुकसान : निरंक.' कर्ज मंजूर झाले, वेळेवर फिटले. त्या पैशातून त्यांच्या मुलीचे लग्न झाले, घराला पक्की भिंत आली. तसे कितीतरी अहवाल मी लिहिले. त्यातला एकही चुकीचा होता असे आजही म्हणवत नाही.

पण ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी जनावरे कमी झाली. मध्य आशियातून येणाऱ्या भोरड्या संध्याकाळच्या आभाळात गुलाबी-काळे वादळ उठवीत, ते त्या शिवारातून नाहीसे झाले. भोरड्या ज्वारी खातात तसे टोळ आणि अळ्याही खातात, हे मी निवृत्तीनंतर वाचले. म्हणजे मी पाखरांच्या खात्याची फक्त नावे बाजू लिहिली होती. जमा बाजू कोरीच राहिली.

दुपारी परतलो आणि घरी जाण्याआधी कळमन्याच्या धान्यबाजारात डोकावलो. लिलाव आटोपले होते. पारव्यांचे थवे शेडवरून उतरत होते, होले जोडीजोडीने फिरत होते, साळुंक्या हमालांच्या पायांतून वाट काढत होत्या. चिमण्या सोयाबीनच्या ढिगाला वळसा घालून सरळ गव्हाकडे गेल्या. एक बाई खराट्याने सांडलेले दाणे गोळा करत होती. तिने सूप भरले आणि कोपऱ्यातले मूठभर तसेच सोडले. मी तिथे पाहत उभा राहिलो तर म्हणाली, "काय पाहून राह्यले बाबूजी?"

"ते दाणे का सोडले?"

"मी तरी कुठं पेरले होते?" ती म्हणाली आणि पुढच्या ओट्याकडे गेली.

व्यापारी ज्याला घट म्हणतात, त्यावर एवढा गोतावळा जगतो. तलावाचा उघडा काठ हीसुद्धा एक घटच आहे. शेवटच्या थेंबापर्यंत उपसला किंवा काठोकाठ बांधून काढला, तर कादंबाला उतरायला जागा उरत नाही.

वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले. पाखरांची मराठी नावे आमच्या पिढीने त्यांच्या पुस्तकांतून शिकली. त्यांच्या ५ नोव्हेंबरच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या १२ नोव्हेंबरच्या जन्मदिवसापर्यंत महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह पाळतात. त्या सप्ताहात आमच्या नातीच्या शाळेने मुलांना मातीचे परळ दिले. ती पुण्याला परत गेली, परळ आमच्या गॅलरीत राहिला. सौ. त्यात रोज तांदळाची कणी टाकते. मी मात्र तिला सांगून ठेवले आहे, की चिमणीच्या पिल्लांना कणी चालत नाही, अळ्या-किडे लागतात. तेव्हापासून कुंडीतल्या कढीपत्त्यावर औषध फवारणे तिने बंद केले. पाने कुरतडलेली असतात. त्यावर आमची अधूनमधून कुरबूर होते.

संध्याकाळी मी वही उघडली आणि दिवसाची नोंद केली. कादंब एकसष्ट, चक्रवाक दोन, परळावर चिमण्या नऊ. सौ. मागून डोकावली.

"आणि माझा कढीपत्ता? तो नाही लिहायचा?"

मी लिहिले. पाखरांसाठी सोडलेला कढीपत्ता : एक कुंडी. पस्तीस वर्षे ज्या रकान्यात निरंक लिहीत आलो, त्यात ही पहिली नोंद.